वाचकांचे प्रश्न : करंट परतच जातो, मग बिल कशाचं?

मागच्या अंकात विजेबद्दल काहीही विचारा म्हटलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळीकडून प्रश्न आले. सगळे वाचले, त्यातले सहा इथे घेतलेत. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती की प्रश्न पक्ष्याचा असो, गिझरचा असो नाहीतर अलिबागचा, अडतं एकाच ठिकाणी : करंट गेला कुठे आणि परत कुठल्या वाटेनं येणार. तेवढं धरून वाचा, मग बाकीचं सोपं जाईल.

प्रश्न : फेजमधून करंट येतो आणि न्यूट्रलमधून तेवढाच परत जातो असं आमच्या वायरमननं सांगितलं. जेवढा आला तेवढा परत गेला तर आपण वापरलं काय आणि बिल कशाचं भरतो? आणि कोयनेतले इलेक्ट्रॉन खरंच आमच्या घरापर्यंत येतात का? – एक वाचक, कऱ्हाड

वायरमन अगदी बरोबर बोलला. फेजनं ५ अँपिअर आला तर न्यूट्रलनं ५ अँपिअरच परत जातो, मधे एकही इलेक्ट्रॉन खर्च होत नाही. आपण वापरतो ती ऊर्जा. इलेक्ट्रॉनना ढकलणारा जोर म्हणजे व्होल्टेज, फेजकडून येताना तो २३० असतो आणि तुमच्या गिझरमधून नाहीतर पंख्यातून जाऊन न्यूट्रलला पोचेपर्यंत जवळपास सगळा संपलेला असतो, तो जो मधे संपला त्याचीच उष्णता झाली, वारा झाला, उजेड झाला. मीटर मोजतो ते हेच. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. अंदाज यावा म्हणून सांगतो, हजार लिटर पाणी ३६७ मीटर वर चढवायला एवढीच ऊर्जा लागते, म्हणजे शंभर मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याची भरलेली टाकी नेण्यासारखं काम आपण काही रुपयांत करून घेतो. वीज महाग झाली असं आपण म्हणतो तेव्हा हा आकडा कुणीतरी समोर ठेवायला पाहिजे असं मला फार वाटतं.

आता कोयनेचे इलेक्ट्रॉन. नाही, ते येत नाहीत, येऊच शकत नाहीत. वाटेत व्होल्टेज कमी-जास्त करणारे ट्रान्सफॉर्मर असतात, आणि त्यांच्या दोन कॉईल एकमेकींना तारेनं जोडलेल्याच नसतात, मधे असतो फक्त लोखंडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यातलं सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारं चुंबकत्व. एका कॉईलमधल्या करंटमुळे चुंबकत्व तयार होतं, त्या बदलत्या चुंबकत्वामुळे दुसऱ्या कॉईलमधले, म्हणजे तिथे आधीपासून असलेलेच इलेक्ट्रॉन हलायला लागतात. कोयनेपासून तुमच्या गल्लीतल्या डीपीपर्यंत, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या शेवटच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, असे बरेच ट्रान्सफॉर्मर लागतात, प्रत्येक ठिकाणी ऊर्जा पुढे जाते आणि इलेक्ट्रॉन आपापल्या तारेतच राहतात.

आणि तुमच्या तारेतले इलेक्ट्रॉन तरी किती पळतात? दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरमधून ५ अँपिअर जात असेल तर त्यांचा वेग निघतो सेकंदाला साधारण पाव मिलिमीटर! तोही एकाच दिशेनं करंट वाहत असेल तर. घरातला करंट एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारा असतो, त्यामुळे ते जागच्या जागी पुढेमागे होतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके वगैरे. तरी बटण दाबल्याबरोबर लाईट लागते, कारण पाण्यानं आधीच भरलेल्या पाईपला एका टोकाला दाब दिला की दुसऱ्या टोकाला लगेच धार येते, नवीन पाणी तिथपर्यंत जायची वाट बघावी लागत नाही, तसंच हे, फक्त इथे तो धक्का तारेच्या भोवतालच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं पुढे जातो.

याच पत्रात खाली बारीक अक्षरात विचारलंय की मग मोठ्या लाईनला ४०० केव्ही (म्हणजे चार लाख व्होल्ट) वगैरे कशाला. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गावर अवलंबून असते. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच पॉवरला करंट दहावा हिस्सा लागतो आणि तारेतली नासाडी शंभराव्या हिश्श्यावर येते. एवढं एकच कारण आहे आणि ते पुरेसं आहे.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. ११ हजारच्या लाईनवर कावळे, पोपट बसतात त्यांना शॉक का नाही लागत? पण आमच्या गावात पावसाळ्यात तार तुटून पडली होती तेव्हा शेजाऱ्यांची म्हैस तारेला न शिवताच मेली. असं कसं? – एक विद्यार्थी, वाशीम

तुझे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत आणि तू ते शेजारी शेजारी लिहिलेस हे मला फार आवडलं.

करंट वाहायला दोन जागांमधे व्होल्टेजचा फरक लागतो. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, मधलं अंतर चार-पाच सेंटीमीटर, तेवढ्या तारेत फरक पडतो तो नगण्य. अख्खा कावळा ११ हजार व्होल्टवर असतो पण त्याच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत फरकच नाही, मग त्याच्यातून करंट कशाला जाईल. तोच जर एक पाय तारेवर आणि चोच लोखंडी खांबाला लावून बसला तर तिथेच संपला. म्हणून गिधाड, करकोचा असे मोठ्या पंखांचे पक्षी जास्त मरतात, पंख पसरले की एकाच वेळी दोन तारांना नाहीतर तार आणि खांबाला टेकतात.

आता म्हैस. तार ओल्या जमिनीवर पडली की करंट जमिनीत शिरतो आणि चारी बाजूंनी पसरत जातो, त्याला जमिनीतूनच ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचं असतं. त्यामुळे तार पडली तिथे जमिनीचं व्होल्टेज सगळ्यात जास्त आणि लांब जाऊ तसं कमी कमी. म्हशीचे पुढचे पाय आणि मागचे पाय यात दीड-दोन मीटर अंतर, म्हणजे पुढच्या पायाखाली एक व्होल्टेज आणि मागच्या पायाखाली दुसरं, शेकडो व्होल्टचा फरक असू शकतो, आणि करंट पुढून मागे जाताना वाटेत तिचं हृदय येतं. माणसाचे दोन पाय जवळ असतात आणि पायातून पायात गेलेला करंट हृदयाला बराचसा चुकवतो म्हणून माणूस अशा ठिकाणी कधी कधी वाचतो आणि गुरं जातात. वीज कोसळते तेव्हा झाडाखाली उभी असलेली गुरं मरतात त्यातही हे कारण मोठं असतं.

तू हे घरी आणि वर्गात सगळ्यांना सांग : तार पडलेली दिसली की निदान दहा मीटर लांब थांबायचं, जनावरं तिकडे जाऊ द्यायची नाहीत आणि वीज कंपनीला फोन करून लाईन बंद करायला लावायची. तू चुकून जवळ पोचलाच असशील तर ढांगा टाकत पळायचं नाही, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, पावलं जमिनीवरच घासत अगदी थोडं थोडं मागे सरकायचं. आणि ११ हजारच्या तारेजवळ कुणी पडलं असेल तर काठीनं तार बाजूला करायला जायचं नाही, कोरडं लाकूडसुद्धा एवढ्या व्होल्टेजला भरवशाचं नाही.

प्रश्न : प्लगच्या दोन्ही होलमध्ये टेस्टर पेटतोय पण पंखा, लाईट काहीच चालू होत नाही. दोन फेज आलेत का? – एक वाचक, बार्शी

बहुतेक नाही, न्यूट्रल तुटलाय. परतीची वाट कुठेतरी सुटली की फेज तुमच्या बटण चालू असलेल्या बल्बमधून, टीव्हीमधून पलीकडे न्यूट्रलच्या वायरीवर येऊन थांबतो, पुढे जायला रस्ताच नाही, म्हणून दोन्हीकडे टेस्टर पेटतो. टेस्टरला पेटायला एक मिलिअँपिअरपेक्षाही कितीतरी कमी करंट लागतो, तो तुमच्या अंगातून जमिनीत जातो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. पंखा मात्र तेवढ्यावर कसा चालणार?

घरातलाच न्यूट्रल सुटला असेल तर वायरमन दहा मिनिटांत जोडेल, तोवर मेन स्विच बंद ठेवा. पण हाच न्यूट्रल डीपीवर तुटला तर प्रकरण गंभीर असतं. तिथे तीन फेजवर वेगवेगळी घरं असतात आणि सगळ्यांचा न्यूट्रल एक, तो गेला की दोन फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यावर मिळून ४१५ व्होल्ट येतं, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज जास्त. एकदम लाईट झगझगीत झाली, पंखा सुसाट सुटला, शेजारच्या गल्लीत मात्र अंधुक झाली असं दिसलं तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. एकाच संध्याकाळी अर्ध्या गल्लीचे टीव्ही आणि फ्रीज जळाले अशा गोष्टी आपण ऐकतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्रश्न : गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणाला एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही म्हणजे काळजी नाही, आणि इमारत जुनी आहे तर अर्थिंग कुठून आणणार. खरंच चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

ताई, हे वाचून झालं की आधी गिझरचं बटण बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका, घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. आता कारण सांगतो.

ओल्या अंगाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण हजार ओहम धरतात. २३० व्होल्ट पूर्ण अंगावर आलं तर २३० मिलिअँपिअर जातो. माणसाला एक मिलिअँपिअरला झिणझिणी कळते, दहाच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि पन्नास-शंभरच्या घरात गेला, काही क्षण टिकला, तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. आणि तुमची एमसीबी पडते कधी? १६ अँपिअरच्या वर, म्हणजे १६ हजार मिलिअँपिअर. ती वायर जळू नये म्हणून लावलेली असते, माणूस वाचवण्यासाठी ती नसतेच. एमसीबी पडत नाही म्हणून काळजी नाही हे वाक्य जिथे जिथे ऐकाल तिथे कृपया खोडून काढा.

आज फक्त झिणझिण्या येतात कारण गिझरच्या कॉईलमधून थोडासाच करंट गळतोय. कॉईलवरचं कवच उद्या अजून फुटलं की हाच थोडा करंट पूर्ण होईल, तारीख कुणी सांगू शकत नाही.

अर्थिंगचं काम काय, तर गळालेल्या करंटला तुमच्या अंगापेक्षा कितीतरी सोपी परतीची वाट देणं. थ्री पिनची वरची जाड पिन गिझरच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते, ती लांब ठेवतात कारण प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी, आणि जाड असते म्हणून ती चुकून फेजच्या होलात शिरत नाही. ती पिन तोडून टू पिनमध्ये प्लग खुपसणारे लोक मी पाहतो तेव्हा जीव अस्वस्थ होतो.

पण फक्त अर्थिंगवरही थांबू नका. समजा इमारतीखालच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम आहे, जुन्या, कोरड्या पडलेल्या खड्ड्यात एवढा सहज असतो. तर फेज गिझरच्या अंगाला पूर्ण टेकला तरी जमिनीत जाणारा करंट होईल २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी यालाही पडणार नाही, आणि गिझरचं अंग तसंच जिवंत राहील! म्हणून आरसीसीबी लागते, दुकानात अजून ईएलसीबी म्हणूनच मागतात, ३० मिलिअँपिअरची घ्या.

ती कशी चालते हे समजून घेण्यासारखं आहे. आत एक चुंबकीय धातूची रिंग असते, फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्या रिंगमधून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेपर्यंत दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकतं, रिंग शांत. पण ३० मिलिअँपिअर जरी नळावाटे, भिंतीवाटे, तुमच्या हातावाटे दुसऱ्या वाटेनं निसटला की न्यूट्रलमधून तेवढा कमी परत येतो, रिंगमध्ये चुंबकत्व शिल्लक राहतं, रिंगवरच्या तिसऱ्या बारीक कॉईलमध्ये त्यामुळे करंट तयार होतो आणि स्विच पडतो, हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात. तिला अर्थिंग आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, ती फक्त गेला किती आणि आला किती एवढंच बघते. विजेच्या सगळ्या शोधांत मला ही रिंग सगळ्यात जास्त आवडते, इतकी साधी आणि इतक्या माणसांना वाचवणारी.

तिच्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबा, पडली पाहिजे. सारखी पडते म्हणून काढून टाकली असं करू नका, सारखी पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत, ते शोधायला लावा. एक मर्यादाही लक्षात ठेवा : कुणी एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरला तर जाणारा-येणारा करंट सारखाच राहतो, तिथे ती वाचवू शकत नाही.

आणि तुमच्या इमारतीत अर्थिंगचा नवा खड्डा खणून घेता येतो, त्याला इमारत जुनी असण्याची अडचण नसते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्याच.

प्रश्न : इंडक्शनवर पितळेचं पातेलं आणि अॅल्युमिनियमचा कुकर का चालत नाही? आणि स्टीलचंही एक भांडं चालतं, एक नाही. – एक वाचक, नाशिक

१८२० साली ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते, म्हणजे करंटमुळे चुंबकत्व. मग उलट होतं का, हे लोक दहा वर्षं शोधत होते. ऑगस्ट १८३१ मध्ये फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं लोखंडी रिंगवर दोन वेगळ्या कॉईल गुंडाळल्या, एकीला बॅटरी जोडली, आणि दुसरीकडची सुई हलली ती फक्त बॅटरी जोडताना आणि काढताना! मधे करंट चालू असताना सुई गप्प. चुंबकत्व नुसतं असून उपयोग नाही, ते बदलायला पाहिजे. डीपी, जनरेटर, वर सांगितलेली आरसीसीबी, तुमची इंडक्शन शेगडी, सगळं त्या एका निरीक्षणावर उभं आहे.

शेगडीत काचेखाली तांब्याची चपटी कॉईल असते, तिच्यातला करंट सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होतो. त्यामुळे भांड्याच्या बुडात गोल गोल फिरणारे करंट तयार होतात आणि बूड तापतं. लोखंडात हे करंट अगदी पातळ थरात दाटतात, तिथे रेझिस्टन्स जास्त, उष्णता भरपूर. अॅल्युमिनियम, पितळ, तांबं यात करंट चांगला वाहतो पण रेझिस्टन्स इतका कमी की उष्णता फारशी होत नाही, मग शेगडी ते भांडं ओळखून चालूच होत नाही. स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटत नाही, त्यांचंही तसंच. दुकानात जाताना खिशात फ्रीजवरचं मॅग्नेट घेऊन जा, बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं चालेल.

प्रश्न : आमच्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबई सोडून ती इथे का बांधली? आणि तिथे नेमकं काय मोजतात? – एक वाचक, अलिबाग

ट्रामच्या करंटमुळे. खरंच.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती आणि १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. ट्रामला वरच्या तारेतून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट मिळतो आणि तो परत जातो रुळांतून, पण रूळ जमिनीला टेकलेले, त्यामुळे त्यातला काही करंट रूळ सोडून जमिनीत शिरतो, पाण्याच्या पाईपातून, ओल्या मातीतून वाट काढत पॉवर स्टेशनकडे जातो. घरातल्या वायरीत फेज-न्यूट्रल शेजारी शेजारी असतात म्हणून बाहेर चुंबकत्व उरत नाही, इथे जाणारा आणि येणारा रस्ता वेगळा झाला, त्यामुळे प्रत्येक ट्राम गेली की कुलाब्याची नाजूक सुई हलणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी हे आधीच ओळखलं आणि जागा शोधली ती खाडीपलीकडे अलिबागला. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, इमारतीला लोखंड न वापरता पोरबंदरचा दगड वापरला, आणि सुमारे दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदमच मोजमाप चालू ठेवलं म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. तिच्या आधी एवढी तयारी करून ठेवणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

त्या जुन्या नोंदींचं मोल बघा. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळानं युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांवर ठिणग्या उडाल्या, ऑपरेटरना शॉक बसले. तेव्हा कुलाब्याला माणसं डोळ्यांनी यंत्र वाचून आकडे लिहीत होती, आणि त्यांनी चुंबकत्वात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकत्वाचं माप) घसरण टिपली. २००३ साली शास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा काढून अभ्यासले. त्या वादळाची तीव्रता जगाला ठरवता येते त्यात कुलाब्याच्या त्या वहीचा वाटा मोठा आहे. तुलनेसाठी, आपल्या काळातलं मार्च १९८९ चं वादळ साधारण ५८९ नॅनोटेस्लाचं, आणि त्यानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात.

कसं होतं ते? फॅरेडेचंच : पृथ्वीचं चुंबकत्व बदललं की शेकडो किलोमीटरच्या लाईनींमध्ये करंट तयार होतो, एका ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून वर चढतो, लाईनमधून जातो, दुसऱ्याच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून परत येतो. हा जवळपास डीसीसारखा असतो आणि ट्रान्सफॉर्मरला तो सोसत नाही, गाभा चुंबकत्वानं भरून जातो. तुमच्या घरातल्या दहा-वीस मीटर वायरीला याचा काहीही त्रास नाही.

आणि मोजून बघायचं असेल तर मोबाईलमध्ये चुंबकत्व मोजणारं एखादं अॅप घ्या, कव्हरला मॅग्नेट असेल तर काढा, मोकळ्या मैदानात उभे राहा. अलिबागला साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला (म्हणजे ४० ते ४५ हजार नॅनोटेस्ला) दिसायला पाहिजे. गाडीजवळ गेलात की आकडा लगेच हलेल.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे आणि सोलर पंपाचे प्रश्न बाजूला काढून ठेवलेत, ते पुढच्या अंकात. झटका मशीनबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांनी कुंपणाची लांबी आणि मशीन बॅटरीवर आहे की घरच्या लाईटवर एवढं कळवा, म्हणजे नीट उत्तर देता येईल. आणि ज्यांनी थेट घरच्या लाईटची फेज कुंपणाला जोडलीय असं लिहिलंय त्यांनी पुढच्या अंकाची वाट न बघता ती आजच काढा, त्यात माणसं मरतात आणि तो गुन्हाही आहे.